पाळीव लेपर्ड गेकोची पिल्ले : लिंगनिश्चिती आणि आरोग्य यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना

मराठी समाजाचा पालीशी असलेला संबंध जुना आहे. मात्र तो स्नेहाचा नाही. मनात संशय आला की ‘पाल चुकचुकली’ असे म्हटले जाते. अंगाच्या कोणत्या भागावर पाल पडली असता कोणते फळ मिळते, हे सांगणारे पल्लीपतनाचे कोष्टक पंचांगांतून छापले जाते. पाल विषारी असते हा समज तर सर्वत्र आढळतो. वस्तुतः जगातील कोणतीही पाल विषारी नाही. याच पालींच्या गटातील ‘लेपर्ड गेको’ हा प्राणी अमेरिका व युरोपातील असंख्य घरांत गेली काही दशके हौसेने पाळला जात आहे. सरपटणाऱ्या पाळीव प्राण्यांत त्याचे स्थान आज अग्रभागी आहे.

लेपर्ड गेकोचे पिल्लू घरी आणणाऱ्या व्यक्तीसमोर दोन प्रश्न उभे राहतात. पिल्लू नर आहे की मादी, हा पहिला. आणि ते निरोगी आहे काय, हा दुसरा. सामान्यतः हे दोन प्रश्न स्वतंत्र मानले जातात. पहिल्याचे उत्तर लवकरात लवकर मिळावे अशी पालकाची इच्छा असते, तर दुसरा प्रश्न पिल्लू उघडपणे आजारी दिसेपर्यंत फारसा विचारला जात नाही. प्रत्यक्षात लिंगाची व आरोग्याची लक्षणे त्या चिमुकल्या शरीरावर एकमेकांत मिसळलेली असतात. त्यामुळे एका प्रश्नाच्या उत्तरात झालेली चूक दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर झाकून टाकते. हा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्राण्याचा परिचय

लेपर्ड गेकोचे शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस असे आहे. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत येथील कोरडा व खडकाळ प्रदेश हे तिचे मूळ वसतिस्थान होय. प्रजातीच्या नावाचा अर्थ ‘उत्तम पापणी असलेला’ असा होतो, आणि तो सार्थ आहे. आपल्या भिंतीवरील पालीला हलणारी पापणी नसते. ती जिभेने डोळा पुसते. लेपर्ड गेकोला मात्र उघडझाप करणाऱ्या पापण्या असतात. त्याच्या बोटांखाली चिकटून राहणाऱ्या पट्ट्या नसल्यामुळे तो काचेवर किंवा भिंतीवर चढू शकत नाही. तो जमिनीवर वावरणारा, संध्याकाळी व रात्री बाहेर पडणारा कीटकभक्षक प्राणी आहे.

मादी एका खेपेस साधारणतः दोन मऊ कवचाची अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाचे वजन सुमारे ३ ग्रॅम आणि लांबी सुमारे ८ सेंटिमीटर असते. पिल्लाच्या अंगावर गडद व पिवळे आडवे पट्टे असतात. वाढ होत असताना हे पट्टे विरून त्यांच्या जागी ठिपके येतात. याच ठिपक्यांमुळे त्याला बिबट्याचे नाव मिळाले. चांगली निगा राखल्यास हा प्राणी १५ ते २० वर्षे जगतो. पिल्लाबाबत घेतलेल्या निर्णयाचे परिणाम दीर्घकाळ टिकतात, ते यामुळेच.

लिंग कसे ठरते?

मानवात अपत्याचे लिंग गुणसूत्रांवरून ठरते, हे सर्वपरिचित आहे. लेपर्ड गेकोमध्ये तशी लिंगगुणसूत्रे नाहीत. अंडे ज्या तापमानात उबते, त्यावरून पिल्लाचे लिंग निश्चित होते. सरपटणाऱ्या प्राण्यांतील ही प्रक्रिया १९६६ मध्ये मॅडलिन शार्निए यांनी सेनेगलमधील डाकार येथे एका आफ्रिकी सरड्याच्या अभ्यासातून प्रथम नोंदविली. पुढे अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेपर्ड गेकोवर दीर्घकाळ संशोधन केले. त्यामुळे हा प्राणी या विषयातील एक आदर्श नमुना ठरला.

या संशोधनातून पुढे आलेले चित्र असे : अंडी २६ अंश सेल्सिअसला उबविल्यास केवळ माद्या निपजतात. ३० अंशांना माद्यांचे प्रमाण अधिक राहते; नर सुमारे एक चतुर्थांश असतात. ३२.५ अंशांना हे प्रमाण उलटते आणि सुमारे तीन चतुर्थांश पिल्ले नर होतात. तापमान ३४ ते ३५ अंशांपर्यंत वाढविले असता मात्र पुन्हा बहुतांश माद्याच जन्माला येतात. तापमानाचा हा प्रभाव संपूर्ण उबवणीच्या काळात सारखा नसून भ्रूणाच्या वाढीतील एका विशिष्ट टप्प्यातच निर्णायक ठरतो. संप्रेरकांचा सहभागही सिद्ध झालेला आहे. नर निपजणाऱ्या तापमानात ठेवलेल्या अंड्यांना इस्ट्रोजेन दिल्यास त्यांतून माद्या जन्मतात.

व्यापारी प्रजनन करणारे लोक या ज्ञानाचा उपयोग करून ‘तापमानावरून मादी’ किंवा ‘तापमानावरून नर’ अशा खुणेसह पिल्ले विकतात. अशी खूण म्हणजे लिंगाची खात्री नव्हे, ती केवळ संभाव्यता आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. ३० अंशांना उबविलेली तीन पिल्ले ‘माद्या’ म्हणून विकली गेली, असे समजू. प्रत्येक पिल्लू मादी असण्याची शक्यता तीन चतुर्थांश धरल्यास तिन्ही पिल्ले माद्या असण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के येते. म्हणजेच त्या तिघांत निदान एक नर असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे. उबवणीच्या पेटीतील तापमान स्थिर नसेल, तर अनिश्चितता आणखी वाढते.

लिंग कसे ओळखावे?

प्रौढ लेपर्ड गेकोचे लिंग ओळखणे सोपे आहे. शेपटीच्या मुळाशी, पोटाकडील बाजूस अवस्कर असतो. मल, मूत्र व प्रजनन या सर्वांसाठी असलेले हे एकच बाह्यद्वार होय. नरामध्ये त्याच्या पुढे, दोन्ही मांड्यांच्या मधोमध, उलट्या ‘व्ही’च्या आकारात ठळक छिद्रांची एक ओळ दिसते आणि त्या छिद्रांतून मेणासारखा स्राव येतो. अवस्कराच्या मागे, शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे असतात. नराचे दुहेरी जननेंद्रिय तेथे आत वळलेले असते. मादीमध्ये छिद्रांच्या जागी केवळ पुसट खळगे असतात आणि दोन स्वतंत्र फुगवटे नसतात.

पिल्लामध्ये यांपैकी कोणतेच लक्षण सुरुवातीस स्पष्ट नसते. अनुभवी व्यक्तीला दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून छिद्रांची ओळ काहीशी लवकर दिसू शकते. सामान्य पालकाने मात्र तीन ते सहा महिन्यांपर्यंत थांबणे इष्ट, आणि त्यानंतरही खात्रीसाठी महिन्याभराने पुन्हा पाहणे योग्य ठरते. पिल्लाला उलटे धरण्याची गरज नाही. स्वच्छ, पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहिले तरी पुरते. शेपटीचे मूळ दाबून इंद्रिय बाहेर काढण्याचा अथवा अवस्करात सळई घालून पाहण्याचा प्रयत्न पिल्लावर कदापि करू नये. त्यामुळे नाजूक ऊतींना कायमची इजा होऊ शकते. शिवाय घाबरलेले पिल्लू आपली शेपूट तोडून टाकते. शेपूट हा या प्राण्याचा चरबीचा साठा आहे. ती पुन्हा वाढते हे खरे. परंतु नवी शेपूट आखूड व फुगीर असते आणि ती वाढविण्यासाठी शरीराच्या वाढीची शक्ती खर्ची पडते.

डोक्याची रुंदी, शरीराचा आकार अथवा स्वभाव यांवरून पिल्लाचे लिंग सांगण्याची प्रथा विश्वासार्ह नाही. प्रौढ नर सरासरीने मोठे असतात हे खरे. तथापि पिल्लांचा आकार अन्न, उष्णता व आरोग्य यांवर इतका अवलंबून असतो की त्यातून लिंगाचे अनुमान काढता येत नाही. स्वभावाबाबतही तसेच आहे. टेक्सास येथील संशोधनात असे आढळले की, नर अधिक निपजणाऱ्या तापमानात जन्मलेल्या माद्या कमी तापमानात जन्मलेल्या माद्यांपेक्षा अधिक आक्रमक असतात. म्हणजे आक्रमकतेवरून नर ठरविणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे.

पिल्लांचे प्रमुख आजार

पहिल्या आठवड्यात पिल्लू काही खात नाही म्हणून पालक अनेकदा चिंतित होतात. ही चिंता बहुधा अनाठायी असते. अंड्यातील बलकाचा शोषून घेतलेला अंश त्याला काही दिवस पुरतो आणि पहिली कात टाकल्यानंतरच ते खाऊ लागते. त्यानंतर मात्र पुढील विकारांकडे लक्ष ठेवावे लागते.

पहिला, अस्थिविकार. पाळीव गेकोंना दिले जाणारे रातकिडे व पिठातील अळ्या यांत फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम अत्यल्प असते. आहारात कॅल्शियम किंवा जीवनसत्त्व ड३ कमी पडले की परावटु ग्रंथी हाडांतील कॅल्शियम काढून रक्तातील पातळी टिकवू पाहते आणि वाढत्या वयातील हाडे मऊ पडतात. वाकलेले पाय, मऊ जबडा, अंगाला कंप आणि चालताना पोट जमिनीला घासणे ही त्याची लक्षणे होत. कीटकांना पौष्टिक खाद्य देऊन आणि भरविण्यापूर्वी त्यांवर कॅल्शियमची भुकटी लावून हा विकार टाळता येतो. हाडांत आलेले व्यंग मात्र बहुधा कायम राहते.

दुसरा, कात अडकणे. पिल्लू वरचेवर कात टाकते आणि ती खाऊनही टाकते. हवेत व लपण्याच्या जागेत पुरेसा ओलावा नसेल तर कातेचे तुकडे बोटांभोवती राहतात. कात सुकली की दोऱ्यासारखी आवळते, रक्तपुरवठा थांबतो आणि बोट गळून पडते. अशी कात ओढून काढू नये. कोमट पाण्यात पाय भिजवून ओल्या कापसाने ती हळुवार सैल करावी. ओलसर शेवाळ किंवा कागद घातलेली एक लहान बंदिस्त जागा हाच यावरील खरा उपाय आहे.

तिसरा, आतडे तुंबणे. वाळूवर ठेवलेले पिल्लू भक्ष्याबरोबर वाळूही गिळते. शरीराला पुरेशी ऊब नसेल तर पचन मंदावते आणि धोका वाढतो. पिल्लांसाठी साधा टिश्यू कागद अंथरणे सर्वांत सुरक्षित असते. पेटीच्या एका बाजूस जमिनीचे तापमान ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या बाजूस सुमारे २५ अंश ठेवल्यास प्राणी स्वतःच योग्य जागा निवडतो.

चौथा व सर्वांत गंभीर विकार म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीचा आतड्यातील संसर्ग. खाऊनही वजन घटते आणि शेपूट काडीसारखी बारीक होते. हा परजीवी विष्ठेतून पसरतो. सामान्य जंतुनाशकांना तो दाद देत नाही आणि त्यावर खात्रीशीर औषध उपलब्ध नाही. म्हणूनच नवीन पिल्लाला आधीच्या प्राण्यांपासून काही महिने पूर्णतः वेगळे ठेवणे, त्याची भांडी व चिमटे वेगळे राखणे आणि विष्ठेची तपासणी करून घेणे महत्त्वाचे ठरते.

दोन प्रश्नांची गुंतागुंत

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. एकाच वेळी जन्मलेल्या दोन पिल्लांपैकी एक मोठे आणि एक लहान राहिले की ‘लहान आहे ती मादी असावी’ असा समज सहज रूढ होतो. प्रत्यक्षात त्या लहान पिल्लाला संसर्ग झालेला असू शकतो. अथवा मोठे भावंड त्याला ऊब व अन्न यांपासून दूर ठेवत असते. लिंगाविषयीचे चुकीचे अनुमान अशा वेळी आजाराचे स्पष्टीकरण बनून बसते आणि उपचाराचे मोलाचे आठवडे वाया जातात.

याच प्रकारची गफलत शरीराच्या इतर भागांबाबतही होते. शेपटीच्या मुळाशी दिसणारा फुगवटा नराचा असू शकतो, तसाच तो चरबीचा, सुजेचा अथवा नराच्या इंद्रियपिशवीत साचून घट्ट झालेल्या स्रावाचाही असू शकतो. हा शेवटचा प्रकार वेळीच न काढल्यास संसर्गास कारण होतो. दोन्ही बाजूंचे फुगवटे सारखे असणे हे निरोगी नराचे लक्षण होय. एकच बाजू फुगलेली दिसल्यास लिंगाचा नव्हे, तर आजाराचा विचार आधी करावा. पोट फुगलेले दिसले तर ती मादी असून अंडी तयार होत असतील, किंवा लिंग कोणतेही असले तरी आतडे तुंबलेले असेल. लिंग निश्चित ठाऊक असेल तरच पशुवैद्यकाला या शक्यतांत लवकर भेद करता येतो.

लिंग चुकीचे ठरल्याचे परिणाम पिल्लू मोठे झाल्यावर अधिक तीव्र होतात. माद्या समजून एकत्र ठेवलेल्या प्राण्यांत दोन नर निघाले तर वयात येताच ते एकमेकांना गंभीर जखमा करतात. एक नर आणि एक मादी निघाली तर मादीला तिच्या शरीराची वाढ पूर्ण होण्यापूर्वीच अंडी धारण करावी लागतात. अंड्याच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम तिच्या अद्याप वाढत असलेल्या हाडांतून जाते. अंडी पोटात अडकून मृत्यूही ओढवू शकतो. मादी एकटी असली तरी ती निष्फळ अंडी घालू शकते. म्हणून मादी असल्याचे निश्चित झाल्यापासून तिच्या कॅल्शियमकडे व अंडी घालण्याच्या ओलसर जागेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. या दृष्टीने लिंगनिश्चिती हे कुतूहल नसून आरोग्यनोंदीचाच एक भाग आहे.

यावरून व्यवहारातील क्रम ठरतो. पिल्लू आणल्या दिवसापासून त्याला एकटे ठेवावे. दर आठवड्यास ०.१ ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या काट्यावर त्याचे वजन करून तारखेसह लिहावे. तीन ग्रॅमच्या जिवाचे ०.३ ग्रॅम घटले तरी ती दहा टक्क्यांची घट असते, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याच वेळी शेपटीची जाडी, बोटे, जबडा व विष्ठा पाहावी. अवस्कराभोवतीच्या भागाचे महिन्यातून एकदा छायाचित्र घ्यावे. चार-पाच छायाचित्रे शेजारी ठेवली की छिद्रांची ओळ उमटते आहे की नाही, हे आपोआप स्पष्ट होते. तोवर नोंदवहीत लिंगाच्या रकान्यात ‘अनिश्चित’ असे लिहिणे हेच प्रामाणिक उत्तर होय.

रंगाची हौस आणि तिची किंमत

पाळीव लेपर्ड गेकोंमध्ये निवडक प्रजननाने अनेक रंगप्रकार निर्माण करण्यात आले आहेत. पिल्लू निवडताना लिंगापाठोपाठ विचार होतो तो रंगाचा. येथेही आरोग्याचा प्रश्न मागे पडतो. ‘एनिग्मा’ या रंगप्रकारातील प्राण्यांत मान वाकडी होणे, गोल गोल फिरणे, भक्ष्यावरचा नेम चुकणे असे मज्जासंस्थेचे दोष दिसतात. ‘लेमन फ्रॉस्ट’ या आकर्षक पांढुरक्या-पिवळ्या प्रकाराबाबतचे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी या रंगाचा संबंध स्पिंट-१ या जनुकाच्या परिसराशी जोडला. या प्रकारातील ८० टक्क्यांहून अधिक प्राण्यांना पांढऱ्या रंगपेशींच्या गाठी होतात, असेही त्यांनी दाखविले. म्हणजे ज्या गुणासाठी पिल्लाला अधिक किंमत दिली जाते, त्याच गुणात त्याचा आजार दडलेला असतो.

माणूस आणि पाल

पालकाच्या आरोग्याचाही येथे उल्लेख आवश्यक आहे. निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. प्राणी अथवा त्याची पेटी हाताळल्यावर साबणाने हात धुणे, स्वयंपाकघराच्या मोरीत त्याची भांडी न धुणे आणि पाच वर्षांखालील मुलांना तो हाताळू न देणे एवढी काळजी पुरेशी ठरते. पालीच्या ‘विषा’विषयीची भीती निराधार असली, तरी स्वच्छतेचा आग्रह निराधार नाही.

याच प्रजातीतील युब्लेफॅरिस फस्कस ही जात महाराष्ट्रासह पश्चिम भारतात आढळते, आणि सातपुड्यातील युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस या जातीचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हा परदेशी हौसेचा प्राणी आपल्या डोंगरकपारींतील रहिवाशांचा सख्खा आप्त आहे. विदेशांत पाळले जाणारे लेपर्ड गेको मुख्यतः पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात जन्मलेले असतात. आपल्याकडील रानातील पाल पकडून पेटीत ठेवणे हा त्याला पर्याय नव्हे. या रानटी आप्तांना विषारी समजून मारले जाऊ नये, यासाठी मात्र वरील माहितीचा उपयोग अध्यापनात निश्चित होऊ शकतो. तापमान, संप्रेरके, संभाव्यता आणि पोषण या निरनिराळ्या विषयांना एकत्र आणणारे असे उदाहरण वर्गात क्वचितच मिळते.

समारोप

लेपर्ड गेकोच्या पिल्लाचे लिंग अंड्यातील उष्णतेने जन्मापूर्वीच ठरलेले असते. ते दिसण्यास मात्र महिने लागतात. आरोग्याचे तसे नाही. ते दर आठवड्याला वजनाच्या आकड्यातून, शेपटीच्या जाडीतून व बोटांच्या टोकांतून वाचता येते, आणि वाचण्यास उशीर झाला तर पुन्हा संधी मिळतेच असे नाही. पहिल्या प्रश्नाबाबत धीर आणि दुसऱ्याबाबत तत्परता हा जबाबदार पालकत्वाचा क्रम होय. ज्याच्याविषयी अद्याप सांगता येत नाही, त्याला नाव देण्याची घाई न करणे, आणि जे रोज समोर दिसते आहे त्याकडे दुर्लक्ष न करणे, ही शिस्त तीन ग्रॅमच्या या जिवाचे पुढील पंधरा-वीस वर्षांचे आयुष्य ठरविते.